दोनशे सतरा नंबरच्या हरवलेल्या सकाळी

१

बाबुराव तांबे यांच्या एकवीस सकाळी नाहीशा झाल्याचं गुरुवारी दुपारी उघडकीला आलं, तेव्हा मी नौपाड्यातल्या झोपेच्या दवाखान्यात सोफ्यावर बसून झोपायचा प्रयत्न करत होते.

मी दर्शना गमरे. इतरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे काम मी अकरा वर्षं केलं. आई म्हणायची, पोरीला सून व्हायच्या आधीच सासूची नोकरी लागली. त्या नोकरीत माझी झोप उडाली ती नोकरी सोडल्यावरही परत आली नाही. म्हणून डॉ. वैशाली सबनीस यांच्याकडे मी पेशंट नंबर एकशे चाळीस. झोप नसलेल्या माणसाला दुपारचा नौपाडा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. रिक्षा हळू जातात, माणसं हळू बोलतात, आणि आपण मधेच कुठेतरी तरंगत असतो.

दवाखान्याचा नियम असा, की प्रत्येक पेशंटने रोज सकाळी मोबाईलवर एक फॉर्म भरायचा. त्यात चार रकाने: पेशंट नंबर, किती तास झोपलात, कितीदा जाग आली, आणि काय स्वप्न पडलं. हे सगळं डॉक्टरांच्या स्क्रीनवर येतं.

"एक ते सात तारखेच्या नोंदी आहेत, बाबुराव," डॉक्टर आतल्या खोलीत म्हणत होत्या. दार उघडंच होतं. "आठपासून आजपर्यंत, अठ्ठावीसपर्यंत, एकही नाही."

"रोज भरतो मॅडम. सकाळी सहाला. 'नोंद मिळाली, शुभ दिवस' असं येतं पण त्यात."

"माझ्याकडे काही आलेलं नाही. ट्रस्टची अट तुम्हाला माहीत आहे. तीस दिवस, एकही खाडा नको. यादी शनिवारी दुपारी बारा वाजता द्यायची आहे."

ट्रस्ट या महिन्यात एकच मशीन देणार होता. झोपेत श्वास अडकला की नाकातून हवा पुढे ढकलणारं मशीन. बाबुरावांचा श्वास तासाला चाळीस वेळा अडकत होता. यादीत त्यांचं नाव पहिलं होतं.

बाबुराव बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. सत्तरीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर एक जाडजूड वही. मला म्हणाले, "शांता होती तोवर मशीन लागलं नाही, ताई. श्वास थांबला की ती कोपर मारायची. झोपेतच मारायची, तिला कळायचंही नाही. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता घरात मी एकटाच."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण ओळख अजून तेवढी नव्हती.

"नोंदी आपोआप जात नाहीत," डॉक्टर दारात येऊन म्हणाल्या. "कुणीतरी घालवल्या असल्या पाहिजेत."

आणि काउंटरवरची रुचिता एकदम रडायलाच लागली.

२

"सगळे माझ्याकडेच बघणार, मला माहितीये!" रुचिता ओढणीने डोळे पुसत म्हणाली. "पण मी कशाला पुसू? मला तर डिलीटचं बटणसुद्धा दिलेलं नाहीये. हे बघा ना."

तिची स्क्रीन मी पाहिली. डाव्या बाजूला चव्वेचाळीस पेशंटांची नावं आणि नंबर. ज्याची आज नोंद आली त्याच्या पुढे हिरवी टिक. बाबुरावांच्या, म्हणजे दोनशे सतराच्या पुढे काही नाही.

"त्यांच्याशी तुझं काही वाजलंय का?" मी विचारलं.

"काय वाजणार? आजोबा किती गोड आहेत. सात तारखेला आलेले ना, तेव्हा मीच त्यांचा मोबाईल हातात घेतलेला. स्वप्न इंग्लिश अक्षरांत लिहीत बसायचे बिचारे, एक ओळ लिहायला अर्धा तास. मी मराठीचा कीबोर्ड टाकून दिला. इतके खूश झाले, मला लिमलेटची गोळी दिली."

"मग नोंदी गेल्याचा फायदा कुणाला?"

रुचिताने आवाज खाली आणला. "यादीत दुसरं नाव विनीत सरांचं आहे. माजिवड्याला फ्लॅट दाखवतात ते. दिवाळीला अख्ख्या दवाखान्याला मिठाई वाटलेली. आणि सात तारखेला ते देवेशला भेटायला गेलेले, माजिवड्याला. देवेश म्हणजे ज्याने आपला हा फॉर्म बनवलाय तो."

पुन्हा सात तारीख. मी सोफ्यावर परत येऊन डोळे मिटले. झोप यावी म्हणून लोक मेंढ्या मोजतात म्हणे. आमच्याकडे मेंढ्या कुठल्या? मी काउंटरच्या काचेतून दिसणाऱ्या हिरव्या टिका मोजल्या. सदतीस भरल्या. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: आजच्या नोंदी 38.

पुन्हा मोजल्या. सदतीसच. झोप नसली की माणूस स्वतःवरचा विश्वास आधी गमावतो, तेव्हा चूक माझीच धरून मी रुचिताला विचारलं.

"तो ना? तो एक आकडा जास्तच असतो," ती म्हणाली. "कोणीतरी दोनदा भरत असेल. कोण मोजत बसतंय?"

"कधीपासून असतो?"

तिने नखाने काउंटर खरवडला. "दिवाळीनंतर कधीतरी. सातला रात्री मी पूर्ण यादी प्रिंट केलेली, तेव्हा बरोबर होता."

३

विनीत तलावपाळीला भेटला. संध्याकाळचं ऊन पाण्यावर निवांत पडलं होतं आणि होड्या जागच्या जागी डुलत होत्या. पन्नाशीतला, थकलेला, डोळ्यांखाली काळं. बाकावर बसल्या बसल्या त्याला दोनदा डुलकी लागली.

"मला काय वाटतं सांगू?" तो शेंगांचा पुडा पुढे करत म्हणाला. "तुम्हाला वाटतंय मी म्हाताऱ्याचा पत्ता कापला."

"कापलात का?"

"मशीन मला पाहिजे, खोटं नाही बोलणार. माझ्या घोरण्यामुळे बायको हॉलमध्ये झोपते. साइट दाखवता दाखवता मी उभ्या उभ्या झोपतो. पण म्हणून कुणाचा श्वास चोरू काय?"

"मग देवेशकडे कशाला गेला होतात?"

तो जरा ओशाळला. "फॉर्म मला घेतच नव्हता. नंबर बरोबर टाकायचो, तरी लाल अक्षरांत यायचं, 'फक्त तीन अंक लिहा'. तीनच लिहिलेले की! एक ते सहापर्यंत रोज अर्धा तास झटापट. सातला डोकं फिरलं, सरळ त्याच्या ऑफिसात गेलो. त्याने बघितलं तर माझा फोनच नंबरच्या मागे एक रिकामी जागा सोडत होता. तेवढ्यावरून अडवत होता."

"मग त्याने काय केलं?"

"पाच मिनिटांत मोकळं करून दिलं. आठपासून एकदाही लाल अक्षरं नाहीत." विनीतने शेंगेचं टरफल हातातल्या हातात चुरगाळलं. "त्याने काहीतरी काढून टाकलं तिथून. वर मला म्हणाला, सबनीस मॅडमना सांगू नका."

४

शुक्रवारी सकाळी सहाला दहा कमी असताना मी डोंबिवलीत बाबुरावांच्या दारात उभी होते. झोप नसल्याचा एकच फायदा, पहाटे उठायचा कंटाळा येत नाही. एमआयडीसीकडून तो नेहमीचा उग्र वास येत होता. माझंही बालपण त्याच वासात गेलं, त्यामुळे मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

बाबुराव तिथल्याच एका कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. मला चहा दिला आणि वही उघडून समोर ठेवली.

"बॉयलरवर एक शिस्त असते, ताई. काट्यावरचा आकडा आधी वहीत लिहायचा, मग साहेबांच्या रजिस्टरात. रजिस्टर हरवलं तरी वही असते." पानोपानी ठळक, वळणदार मराठी अक्षरांत रोजची नोंद होती. तास, जाग, स्वप्न. एकही खाडा नव्हता. "मॅडमना दाखवली मी. त्या म्हणाल्या, ट्रस्ट वही धरत नाही. वहीत काय, कुणीही एका बैठकीत महिनाभराचं लिहील."

एका पानावर माझी नजर अडली. 'बारा तारीख. बॉयलरच्या काचेत पाणी दिसेना. मी स्टूल घेऊन तसाच बसलेलो. शांता आली, म्हणाली, अहो, उठा.'

"रोज येतात त्या?" मी विचारलं.

"रोज. उठवायलाच येते. तिला स्वप्नातसुद्धा सुट्टी नाही." ते हसले, पण चष्मा काढून पुसू लागले.

सहा वाजले. मी रुचिताला फोन लावला. तिला बिचारीला उठवून, घरच्या कॉम्प्युटरवर यादी उघडायला लावली होती. बाबुराव टेबलाच्या पलीकडे बसून एका बोटाने सावकाश भरत होते. त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला तेव्हा त्यावर हिरवी पाटी होती. नोंद मिळाली, शुभ दिवस.

"रुचिता, दोनशे सतरासमोर टिक आली?"

"नाही आली मॅडम. रिफ्रेश पण केलं."

"वरचा आकडा बघ. मगाशी किती होता?"

"चार. चार टिका, आणि चार नोंदी." तिचा झोपाळलेला आवाज एकदम जागा झाला. "मॅडम, टिका अजून चारच आहेत. पण आकडा पाच झालाय!"

५

देवेशचं ऑफिस माजिवड्याला, उड्डाणपुलाच्या मागे एका इमारतीत. खिडकीतून हायवेची घरघर अखंड येत होती आणि त्या लयीत माझ्या पापण्या मिटत होत्या. देवेश पंचविशीतला, दोन स्क्रीन लावून बसलेला.

"डिलीट कोणीच नाही केलंय," तो आधीच म्हणाला. "काही पुसलं तर त्याची नोंद राहते. मी काल रात्रीच चेक केलं. झिरो."

"आणि सात तारखेला काय काढून टाकलंस?"

तो खुर्ची वळवून म्हणाला, "पुढची चाळणी. मॅडमना बोललात तर माझी वाट लागेल."

चाळणी म्हणजे काय ते मला सांगावं लागलं नाही, पण तुम्हाला सांगते. फॉर्ममध्ये नंबरच लिहिलाय की भलतंच काही, हे तपासायला एक साचा असतो. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. 'एक अंक' याची खूण म्हणजे बॅकस्लॅश डी. ती खूण तीनदा आली की तीन अंकी नंबर. साच्यात न बसणारं परत पाठवायचं. हुशार माणसं ही चाळणी दोनदा लावतात. एकदा पेशंटच्या मोबाईलमध्येच, पाठवायच्या आधी. आणि पुन्हा एकदा आत, जिथे नोंदी साठवतात तिथे.

"विनीत सरांची रिकामी जागा पुढच्या चाळणीत अडकत होती," देवेश म्हणाला. "मी म्हटलं, म्हाताऱ्या लोकांना कशाला त्रास? काढूनच टाकू. आतली चाळणी रिकाम्या जागा छाटूनच तपासते. धोका काहीच नव्हता ना. दोन्ही चाळण्या सेम टू सेम आहेत."

"सेम?"

"अक्षर न अक्षर सेम. मी कॉपी केलेली."

"दोन्ही कॉम्प्युटरच्या एकाच भाषेत लिहिल्यास?"

"नाही, पुढची जावास्क्रिप्ट, आतली पायथन. पण साचा तोच."

मला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि विरून गेलं. मी खाली येऊन बसची वाट बघत उभी राहिले. डोळ्यांसमोर वही, हिरवी पाटी, बाबुरावांचं ते एक बोट, सगळं संथपणे फिरत होतं. तेवढ्यात बस आली. समोरच्या काचेवर नंबर मराठीत होता. माझ्यासमोरून ती वळली, तर बाजूच्या पाटीवर तोच नंबर इंग्रजीत.

एकच बस, तोच रस्ता, तेच उतारू. मी रस्त्याच्या कडेला खळखळून हसले. बसमध्ये मात्र चढलेच नाही, धावत परत देवेशच्या इमारतीचा जिना चढले.

६

शनिवारी अकरा वाजता दवाखान्यात सगळे जमले. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. बाबुराव वही मांडीवर घेऊन ताठ बसले होते. विनीत भिंतीला टेकून उभा. देवेशने लॅपटॉप आणला होता, आणि मी त्याला आदल्या दिवशीच तंबी दिली होती, की शनिवारपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

"चोरी झालेलीच नाही," मी म्हणाले. "काही गेलं असतं तर आकडा कमी भरला असता. इथे रोज एक आकडा जास्त भरतोय, आठ तारखेपासून. म्हणजे रोज एक नोंद आत येते आणि कुणाच्याच नावावर लागत नाही. एकीकडे एका माणसाची नोंद सापडत नाही, दुसरीकडे एका नोंदीला माणूस सापडत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालंय आपलं."

"मग ती माझ्या यादीत का दिसत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कारण यादी नंबरावरून शोधते. देवेश, पेशंटांची यादी बाजूला ठेव. आजच्या नोंदी जशा आल्या तशा दाखव."

त्याने दाखवल्या. 017, 022, 140, सगळे ओळीने खाली गेले. अगदी तळाशी, सगळ्यांच्या नंतर, एक नंबर एकटाच उभा होता. २१७.

रुचिताचा हात तोंडावर गेला. "मराठीत आहे," ती पुटपुटली. "मी टाकून दिलेला कीबोर्ड."

"हो. आठपासून बाबुराव सगळेच रकाने त्या कीबोर्डवर भरतात, कारण अंक ते आयुष्यभर तसेच लिहीत आलेत. पुढची चाळणी जागेवर असती, तर पहिल्याच दिवशी लाल अक्षरं आली असती, त्यांनी तुला विचारलं असतं आणि पाच मिनिटांत विषय मिटला असता. कारण जावास्क्रिप्टच्या चाळणीला बॅकस्लॅश डी म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. पण नेमकी सातच्याच संध्याकाळी देवेशने ती काढली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली."

"आतली होती ना पण," देवेश हळूच म्हणाला.

"आतली पायथनची. तिला जगातल्या कुठल्याही लिपीतला अंक हा अंकच वाटतो. तिने २१७ला मानाने आत घेतलं, वर 'शुभ दिवस'ही म्हटलं. किती तास झोपले, कितीदा जाग आली, हे पायथनने मोजायच्या आकड्यांत बदलून घेतलं, म्हणून कुठे काही बिघडलं नाही. पेशंट नंबर मात्र तू जसाच्या तसा ठेवतोस. का ठेवतोस?"

"017 असतो ना कोणाचा. आकडा केला की पुढचा शून्य उडतो."

"बरोबर. म्हणून तो लिहिला तसाच राहिला. यादी 217च्या कप्प्यात हात घालत राहिली, आणि बाबुरावांच्या सकाळी शेजारच्या २१७च्या कप्प्यात साठत गेल्या. प्रत्येक नोंदीला आत पोचल्याची वेळ लागलेली आहे, डॉक्टर. हे कुणी एका बैठकीत लिहिलेलं नाही."

डॉक्टर पुढे झाल्या आणि एकेक नोंद उघडू लागल्या. आठ, नऊ, दहा. रोज सहाच्या आसपास. तेवीस सकाळी होत्या. त्या स्वप्नाचा रकानाही वाचत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मीही खांद्यावरून वाचलं.

'पंधरा तारीख. तलावावर गाव झोपलेलं. शांता एकेकाला कोपर मारत फिरत होती. माझ्यापाशी शेवटी आली.'

'बावीस. शांता उशिरा आली. दमलेली.'

'एकोणतीस. शांता म्हणाली, माझं कोपर दुखतंय हो.'

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि बाबुरावांना म्हणाल्या, "तुमची वही मी खोटी मानली. मला माफ करा."

"नाही हो मॅडम," बाबुराव गडबडले. "चूक माझीच ना? मी इंग्रजीत लिहायला पाहिजे होतं."

"तुमची काहीही चूक नाही," मी जरा जोरातच म्हणाले. मला खरंच राग आला होता. "मराठीत लिहा म्हणायचं आणि मराठीत लिहिलं की हरवून टाकायचं, ही आमच्या धंद्याची चूक आहे."

देवेशने मान खाली घातली. रुचिताने पर्समधून लिमलेटची गोळी काढून बाबुरावांच्या हातावर ठेवली. बाराला दहा मिनिटं होती. डॉक्टरांनी यादीवर पहिल्या नावासमोर सही केली. विनीतने ती बघितली, एक लांब श्वास सोडला आणि बाबुरावांशी हात मिळवला.

"पुढच्या महिन्यात माझा नंबर," तो म्हणाला. "बायकोला सांगतो, अजून एक महिना हॉल."

७

मशीन पुढच्या गुरुवारी डोंबिवलीला पोचलं. तोवर देवेशने पुढची चाळणी परत लावली होती. आता ती रिकामी जागाही चालवून घेते आणि मराठी अंकही. आत नेताना नंबर बदलून लावते, पेशंटला काही बदलावं लागत नाही.

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात गेले, तेव्हा रुचिताने मला काउंटरच्या आत बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. टिका अडतीस, नोंदी अडतीस. दोनशे सतरासमोर हिरवी खूण होती. तिने ती नोंद उघडली.

किती तास झोपलात: ७. कितीदा जाग आली: ०.

स्वप्न: 'शांता आली. उठवलं नाही. माझ्याकडे बघितलं, कूस बदलली आणि झोपली.'

मी रुचिताला पडदा ओढायला सांगितलं आणि सोफ्यावर जाऊन आडवी झाले. दुपारी दोनला तिने हलवून उठवलं, तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती.